बिनक्लचची गाडी

अब्बांना पक्षाघाताचा झटका आला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्या पहाटे फजरची नमाज झाल्यावर ते अंगणातल्या पिंपातून पाणी काढायला वाकले आणि डाव्या अंगावर कोसळले. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली. पण डावा हात आणि डावा पाय पूर्वीसारखा राहिला नाही.

आम्ही दोघी बहिणी. थोरली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दोन मुलांसह माहेरीच राहते. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला, तिचे सासर गोवळकोटला, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भाऊ कुवेतला. त्यामुळे अब्बांना महिन्यातून दोनदा चिपळूणहून कराडच्या इस्पितळात नेण्याचे काम आमच्याकडे आले. जायला शंभर किलोमीटरच्या आसपास, यायला तेवढेच, आणि मध्ये कुंभार्ली घाट. पहिल्या वेळी एसटीने नेले. ज्या माणसाने एकतीस वर्षे एसटी चालवली, त्याला गाडीच्या पायऱ्या चढवायला तीन माणसे लागली. कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याने "मास्तर, बसा बसा" म्हणत पुढची जागा दिली, तेव्हा अब्बांनी जी मान खाली घातली ती कराड येईपर्यंत वर केली नाही. त्यानंतर भाड्याची गाडी सुरू झाली. प्रत्येक खेपेला साडेतीन ते चार हजार रुपये. तीन महिन्यांत आमच्या लक्षात आले की हे फार दिवस चालणार नाही.

गाडी घ्यायची असा विषय निघाला तेव्हा अब्बा पलंगावर पडून ऐकत होते. आम्हाला वाटले ते नको म्हणतील. थोरलीने २०१२ साली परवाना काढला होता, पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. धाकटीने सासरच्या गाडीवर थोडा सराव केला होता. अब्बा एवढेच म्हणाले, "घ्यायचीच तर बिनक्लचची घ्या."

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. हेच अब्बा भाऊ कुवेतहून ऑटोमॅटिक गाड्यांचे कौतुक सांगायचा तेव्हा म्हणायचे, "गिअर टाकायचा नाही तर ड्रायव्हर कशाला हवा? दगड ठेवा अॅक्सिलेटरवर." आम्हाला वाटले, मुलींना सोपे जावे म्हणून ते असे म्हणाले असतील. त्या वेळी आम्ही त्याहून जास्त विचार केला नाही.

नवीन गाडी आवाक्यात नव्हती. पतसंस्थेचा एजंट दोनदा घरी येऊन गेला, पण व्याजाचे कर्ज घरात आणायचे नाही हा अब्बांचा जुना नियम. एसटीच्या पगारात घर बांधले तेव्हाही त्यांनी तो मोडला नव्हता, आम्हीही मोडणार नव्हतो. थोरलीची भिशी लागली होती, धाकटीने काही साठवले होते, भावाने थोडे पाठवले. सगळे मिळून सव्वादोन लाख झाले. एवढ्या पैशांत दहा-बारा वर्षे जुनी छोटी गाडी येते.

जुन्या गाड्यांबाबत चिपळूणच्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या आम्ही माडीवरून पाहिल्या होत्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून नवी दिसते, पण आतल्या वायरी आणि जोड हळूहळू गंजत राहतात. म्हणून आम्ही गाडी पाहायला गेलो की आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचो. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर चिखलाची रेघ असली तर मुकाट्याने नमस्कार करून परतायचे. पायाखालचा गालिचा उचलून पाहायचा, डिकीतले जादा चाक काढून त्याखालचा खड्डा पाहायचा. चिपळूण आणि खेडमध्ये अशा चार गाड्या आम्ही सोडून दिल्या.

दुसरा प्रश्न होता, ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कुठली? भावाने रात्री फोनवर समजावून सांगितले. आपल्याकडे २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून स्वस्त गाड्यांमध्ये जो प्रकार रुळला त्याला एएमटी म्हणतात. त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते. त्याआधीच्या जुन्या पद्धतीत क्लचच नसतो. त्याच्या जागी तेलाने भरलेला गोल डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. भाऊ म्हणाला, "दोन टेबलफॅन समोरासमोर ठेव. एक चालू कर, दुसरा बंद ठेव. बंद पंख्याची पातीही फिरायला लागतात ना? तसंच. फक्त हवेऐवजी तेल." त्याच्या मते घाटात चढावर थांबून पुन्हा निघायचे तर आमच्यासारख्या नवख्यांना ही जुनी पद्धत बरी. पेट्रोल जास्त खाते, पण चाल मऊ असते.

अशी गाडी शेवटी पुण्यात मिळाली. २०११ ची, पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक, एका निवृत्त बाईंची. एक्केचाळीस हजार किलोमीटर झालेले आणि सर्व्हिसच्या पावत्या वहीत डकवलेल्या. मामाचा मुलगा सोबत होता. आम्ही आधीच कळवले होते की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरेच दोष लपवते. थंड गाडी सुरू केली, ब्रेकवर पाय ठेवून दांडा आधी आर वर, मग डी वर नेला. गिअर लगेच लागायला हवा, उशीर नको आणि मोठा धक्काही नको. थोडासा धक्का होता. मामेभावाने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. हे तेल लालसर असते. काळे पडले असेल आणि जळका वास येत असेल तर गाडी सोडून द्यावी. आमचे तपकिरी झाले होते, पण वास नव्हता. सौदा एक लाख नव्वद हजारांना ठरला. उरलेल्या पैशांतून तेल बदलायचे ठरवले, आणि ते बदलल्यावर धक्का बराच कमी झाला.

कागदपत्रांत आम्ही घाई केली नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधीच्या मालकिणीचे कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर झाली आहे का, विमा कधीपर्यंत आहे, दंडाची चलने बाकी आहेत का, हे सगळे पाहूनच पैसे दिले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०२६ मध्ये गाडी पुन्हा तपासून नोंदणी वाढवावी लागणार, हेही वहीत लिहून ठेवले.

मामेभावाने गाडी चिपळूणला आणून दिली. अम्मीने बोनेटवर हात ठेवून दुआ केली. अब्बा काठी टेकत बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेतून आत वाकून फक्त पायाकडची जागा पाहिली. दोनच पॅडल. "हं," म्हणाले आणि आत गेले.

आता शिकण्याची गंमत सांगतो. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काही काम नसते. अॅक्सिलेटर आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायाने. पण क्लचवर शिकलेल्या माणसाचा डावा पाय हे ऐकत नाही. बहादूरशेख नाक्यावर पुढची रिक्षा हळू झाली, तेव्हा थोरलीच्या डाव्या पायाने सवयीने क्लच शोधला आणि त्याला सापडला ब्रेकचा रुंद पॅडल. क्लच जसा जोरात दाबायचा तसा त्याने तो दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा पुढे आला, कालवण गालिचावर सांडले, मागचा दुचाकीवाला आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेला. अब्बांना सीटबेल्टने धरून ठेवले म्हणून ठीक.

आम्हाला वाटले आता ओरडा बसणार. अब्बा शांतपणे म्हणाले, "डावी चप्पल काढ. पाय अनवाणी राहिला की त्याला आठवण राहते." थोरलीने चप्पल काढून सीटखाली सरकवली आणि पाय मागे घेतला. खरेच, त्या दिवसापासून तो पाय गप्प बसला. धाकटीनेही तेच केले. अजूनही आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली एक डावी चप्पल असते.

थोडे पुढे गेल्यावर अब्बा आपल्या निर्जीव डाव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगली गाडी आहे. सगळ्यांना माझ्यासारखं करून टाकते." झटका आल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता. आम्ही हसलो, आणि मग दोघीही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

कराडची वारी सुरू झाली. जाताना घाट चढायला त्रास नव्हता. पाय जरा दाबला की गाडी स्वतःच खालचा गिअर घेते, इंजिनचा आवाज वाढतो आणि ती चढते. खरी गोष्ट उतारावर कळली. तिसऱ्या खेपेला धाकटी चालवत होती. पाटण, कोयनानगर मागे टाकून आम्ही कुंभार्लीच्या वळणांवर उतरायला लागलो. दांडा डी वर होता, आणि डी वर सोडलेली गाडी उतारावर वेग घेत जाते. धाकटी प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होती. निम्मा घाट उतरलो असू तोच अब्बांनी नाक वर केले.

"वास येतोय."

आम्हाला काही कळले नाही.

"ब्रेक पोळलेत. पुढं रुंदी आहे तिथं डाव्या अंगाला घे. हळू."

गाडी थांबवल्यावर आम्हालाही तो जळका वास आला. धाकटी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाली, तर अब्बांनी काठी आपटली. "तापलेल्या ब्रेकवर पाणी टाकतात? निवू दे आपोआप."

वीस-पंचवीस मिनिटे आम्ही तिथे बसलो. अब्बांनी दांड्याशेजारची अक्षरे बोटाने दाखवली. "हे दोन म्हणजे काय? आणि ते खालचं एल?" थोरलीने सांगितले की दोनवर ठेवले तर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि एल म्हणजे पहिला.

"मग ते गिअर देऊन ठेवलेत कशाला? शोभेला?" अब्बा म्हणाले. "ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरायचा. एसटी असो नाहीतर तुमची ही डबी. उतारावर गाडी इंजिनानं धरायची, ब्रेक वळणापुरता."

आम्ही दांडा दोनवर घेतला. इंजिन गुरगुरले, गाडी जणू कुणी मागून धरून ठेवावी तशी सावकाश उतरू लागली. सगळ्यात तीव्र उतारावर अब्बांनी वेग अगदी कमी करायला लावून एल घ्यायला सांगितले. पोफळी येईपर्यंत ते पुढचे वळण आधीच सांगत होते. "आता डावीकडं मोठं आहे. आता समोरून ट्रक आला तर थांबायची जागा उजव्या अंगाला." एकतीस वर्षांचा घाट त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. इतके बोलताना आम्ही त्यांना कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

आणि त्यातूनच पुढचा प्रसंग आला.

२०२३ ची ईद २२ एप्रिलला होती. नमाजेनंतर शिरखुर्मा झाला, लोक भेटून गेले. दुपारी अब्बांनी थोरलीला बोलावून हात पुढे केला. "चावी दे. गोवळकोटपर्यंत जाऊन येतो. पाव्हण्यांना भेटतो."

आम्हाला आधी कळलेच नाही. मग ते म्हणाले, "उजवा पाय चांगला आहे माझा. हिला डावा लागतच नाही. म्हणून तर ही घ्यायला लावली."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी आमच्यासाठी नव्हती. तीन महिने ते मनात हाच हिशेब करत होते: दोन पॅडल, एक पाय. आम्हाला चालवायला शिकवत होते आणि स्वतःच्या पाळीची वाट पाहत होते.

चावी दिली नाही. "डॉक्टरांना विचारू," असे म्हणून वेळ मारून नेली. ईदच्या दिवशी बापाला नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती.

पुढच्या खेपेला कराडच्या डॉक्टरांना आम्ही अब्बांसमोरच विचारले. डॉक्टरांनी त्यांना कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितले. अब्बांनी गोल काढला, आकडे लिहिले. बारापासून सहापर्यंत सगळे नीट, आणि उरलेले आकडेही त्याच उजव्या बाजूला दाटीवाटीने. डावी बाजू कोरी. मग डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटे एकाच वेळी हलवून "किती हात हलले?" विचारले. अब्बा म्हणाले, "एक."

डॉक्टरांनी समजावले की मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचे जग मेंदूच्या हिशेबात येत नाही. त्यांनी आम्हाला विचारले, "ताटातलं डावीकडचं अन्न उरतं का?"

आम्ही दोघी गप्प झालो. पाच महिने अब्बांच्या ताटात डाव्या बाजूचा भात तसाच राहत होता, आणि आम्ही समजत होतो की भूक मेली आहे. अम्मी तर रोज म्हणायची, "निम्मंच जेवतात." ताट फिरवून ठेवायचे, एवढे आम्हाला सुचले नव्हते.

गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. डाव्या अंगाने आलेली सायकल, रस्ता ओलांडणारे मूल तुम्हाला दिसणार नाही, असे ते अब्बांना म्हणाले. अब्बांनी वाद घातला नाही. घड्याळाचा तो कागद मात्र त्यांनी मागून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. परतताना कोयनानगरला चहाला थांबलो, तेव्हा तो काढून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही." पुढे काही बोलले नाहीत. त्या दिवशी घाटात त्यांनी एकही वळण सांगितले नाही. आम्ही दांडा दोनवर घेतला आणि उतरलो.

त्यानंतर दोन महिने ते गाडीकडे फिरकले नाहीत. कराडला जातानाही मागच्या सीटवर बसायचे. पुढे पावसाळा लागला, फेऱ्या महिन्यातून एकच झाली, गाडी अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. जुलैमध्ये एका सकाळी निघायच्या वेळी चावी फिरवली तर नुसता टिकटिक आवाज. बॅटरी उतरली होती. गल्लीतली चार पोरे धावत आली. "काकी, बसा आत, धक्का मारतो."

खिडकीतून अब्बांचा आवाज आला. "धक्क्यानं नाही होणार ती! हिला क्लच कुठंय? इंजिन फिरणार कशानं? केबल आणा कुणाच्या गाडीची."

तेच बरोबर होते. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी केबलने जोडली, तेव्हा सुरू झाली. अब्बा ओट्यावर येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "गाडी बसवून ठेवली की मरते. रोज थोडं चालवायला हवं."

त्या रात्री आम्ही दोघी आणि अम्मी बसून बोललो. मग थोरलीने त्यांना विचारले, रोज सकाळी गाडी सुरू करायचे काम तुम्ही कराल का? अट एवढीच, हँडब्रेक ओढलेला, दांडा पी वर, आणि आमच्यापैकी कुणीतरी जवळ उभे. पी वर गिअरबॉक्समधला एक दात चाकांकडे जाणारे चक्र अडकवतो, मग गाडी हलत नाही. अब्बांनी अट ऐकून घेतली. म्हणाले, "हँडब्रेक आधी, पी नंतर. नाहीतर सगळा भार त्या दातावर येतो." म्हणजे हो.

तेव्हापासून हा क्रम आहे. फजरनंतर ते काठी टेकत येतात, ड्रायव्हरच्या जागी बसतात, आरसे पुसतात, गाडी सुरू करतात. इंजिनचा आवाज ऐकत थोडा वेळ बसतात. मग स्वतःहून चावी थोरलीच्या हातात देतात आणि सावकाश फिरून डावीकडच्या सीटवर येतात. आम्ही खेर्डीपर्यंत जाऊन येतो, बॅटरी भरण्यासाठी. वाटेत ते आता मुद्दाम मान डावीकडे वळवून पाहतात, डॉक्टरांनी तसा व्यायामच सांगितला आहे. "डावीकडं सायकल," असे म्हणतात. कधी सायकल खरोखर असते. कधी ती निघून गेल्यावर म्हणतात. आम्ही दोन्ही वेळा "हो अब्बा" म्हणतो, आणि स्वतः पाहूनच गाडी वळवतो.

गाडीने आमचे पैसे किती वाचवले, याचा हिशेब धाकटीने केला आहे. शहरात लिटरला अकरा-बारा किलोमीटरच मिळतात, तरी भाड्याच्या गाडीपेक्षा हे निम्म्याहून स्वस्त पडते. पण घरात कुणी पक्षाघातातून उठलेले असेल, तर आम्ही त्या घरातल्या बहिणींना आधी गाडीबद्दल सांगत नाही. आधी विचारतो, त्यांच्या ताटात डावीकडे काही उरते का? आमच्या घरी आता ताट निम्मे झाले की अम्मी ते अर्धा वळसा फिरवते. अब्बा उरलेला भात संपवतात.